अकरा राजीनामे

तिनं पहिला राजीनामा दिला तेव्हा तिला प्रमुख होऊन अवघे चार दिवस झाले होते.

लातूरच्या आमच्या कॉलेजात स्वयंसेवक विद्यार्थ्यांचं एक पथक होतं. कागदावर ऐंशी पोरं-पोरी, प्रत्यक्षात पंचवीस. रक्तदान, झाडं लावणं, झाडलोट आणि जानेवारीत कुठल्या तरी खेड्यात सात दिवसांचं श्रमदान शिबिर, असा कारभार. पथकाला एक विद्यार्थी प्रमुख असायचा आणि ते पद कुणालाच नको असायचं. ती दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी वर्गात विचारलं, "यंदा कोण घेतंय जबाबदारी?" त्याच वेळी तिनं खिडकीबाहेरून जाणाऱ्या मैत्रिणीला हात केला. सरांना तो हात वर केल्यासारखा दिसला. निदान तिचं तरी असं म्हणणं होतं. माझा त्यावर कधीच विश्वास बसला नाही.

पथकाचे सर मराठी शिकवायचे. तिनं दिलेला राजीनामा त्यांनी खिशातून लाल पेन काढून वाचला. 'राजिनामा'तला जि दीर्घ केला, 'प्रमूख'मधला मू ऱ्हस्व केला. 'इथं कुणाला किंमत नाही' या वाक्याखाली रेघ मारून समासात लिहिलं, 'कुणाला? कशाची? वाक्य संदिग्ध.' आणि कागद परत दिला. "दुरुस्त करून आण, मग बघू."

ती ग्रंथालयात बसून दुरुस्त करायला लागली. किंमत नेमकी कुणाला आणि कशाची, हे लिहिता लिहिता चार वाजले. तिच्या गावची, औशाची बस साडेचारला. तोवर राग ओसरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा गळ्यात शिट्टी अडकवून फाटकात उभी.

पुढं तोच शिरस्ता पडला. दोन वर्षांत अकरा राजीनामे. सर तपासत गेले, ती सुधारत गेली. सातव्यात फक्त एक अनुस्वार चुकला होता. नववा निर्दोष होता, तो सरांनी नाव झाकून पहिल्या वर्षाच्या वर्गात औपचारिक पत्राचा नमुना म्हणून वाचून दाखवला. ती दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाचं पत्र हे कुणालाच कळलं नाही, आणि दहाव्या राजीनाम्याचं कारण तेच होतं.

मी तिच्या एक वर्ष मागे. गाव लोहा, म्हणून तिच्या लेखी माझं नाव लोहा. पथकात चार गणेश आणि तीन पूजा असल्यामुळं तिनं नावं बंदच करून टाकली होती. "ए निलंगा, पाट्या उचल. बिलोली, तू तिच्यासंगं जा. लोहा, तू हितंच थांब." ती कामं वाटायला लागली की बसस्थानकावरची घोषणा चालल्यासारखं वाटायचं. मी बोलताना नांदेडकडचं "करून राहिलो" म्हणालो की ती थांबवायची. "राहिलो बिहिलो न्हाई. करालो म्हन. तेवढ्यात अर्धं काम होतंय."

बुटकी, सावळी, चालणं असं की सोबतच्यानं पळावं. वर्षभर पांढरे बूट. शिट्टी लाल नाड्याला बांधलेली. खांद्यावर एक मोठी पिशवी आणि त्या पिशवीत सुतळी, सेफ्टी पिना, मीठ-साखरेच्या पुड्या, कात्री आणि दोन नारळ. नारळ कायमचे. कॉलेजात कोणताही कार्यक्रम ठरला की ऐन वेळी नारळ आणायचा राहिलेला असतो, असा तिचा अनुभव होता. त्यामुळं ती रोज औशाहून लातूरला दोन नारळ घेऊन यायची आणि संध्याकाळी परत न्यायची. बसच्या कंडक्टरनं एकदा विचारलं, "पोरी, रोज कुठल्या देवाला चाललीस?" ती म्हणाली, "देव एक असता तर बरं झालं असतं."

ती सगळीकडं अर्धा तास आधी पोचायची आणि बाकीचे वेळेवर आले की तिचा अपमान व्हायचा. "नऊ म्हणजे नऊ व्हय? मग खुर्च्या काय आपोआप मांडल्या जातेत?"

फोनवरच्या आमच्या ग्रुपवर ती मजकूर टाकायची तो पानभर. काय आणायचं, काय घालायचं, पाणी कुठं मिळंल, उन्हानं चक्कर आली तर काय करायचं. खाली एकामागून एक अंगठे उमटायचे. मग ती एकेकाला विचारत बसायची, "अंगठा म्हंजे येणार का येणार न्हाई?" त्यावर पुन्हा अंगठा. एकदा मला म्हणाली, "ऐंशी अंगठे हायत, लोहा. जीभ एकाला बी न्हाई."

फोटोंची तर मोठीच गंमत. प्रत्येक कार्यक्रमानंतर सगळ्यांना उंचीप्रमाणं उभं करणार ती, "पुढच्यांनी खाली बसा" ओरडणार ती, पाहुण्यांच्या खांद्यावरची शाल सारखी करणार ती, आणि फोटो काढणारही तीच, कारण "तुमी पाय कापता लोकांचे." परिणाम असा की पथकाच्या दोन वर्षांच्या फोटोंत ती नाहीच. एका वृक्षारोपणाच्या फोटोत कोपऱ्यात काहीतरी गुलाबी, धुरकट दिसतं, तो तिचा अंगठा आहे. तेवढा एकच फोटो तिनं स्वतःच्या फोनला लावला होता.

त्या वृक्षारोपणात एका पाहुण्यांनी कडुलिंब लावला. पाहुण्यांच्या नावाची पाटी लावलेली जाळी बसली, पेपरात बातमी आली. मे महिन्यात कॉलेज ओस पडलं, तेव्हा मी एकदा निकालाच्या कागदासाठी गेलो तर ही भर दुपारी डोक्याला ओढणी गुंडाळून त्या झाडाला पाणी घालत होती. औशाहून मुद्दाम आली होती.

"ताई, कशाला एवढं?"

"त्याला काय ठावं, आज सुट्टी हाय म्हनून?" ती म्हणाली. मग जाळीवरच्या पाटीकडं बघून म्हणाली, "आता हे मोठं झालं की म्हनतील, सायबांनी लावलेलं झाड."

मला वाटतं तिची सगळी तक्रार एवढीच होती. हार नको होता, बक्षीस नको होतं. "काय पाया पडा म्हनाले का मी? एक डाव कुणी तरी बोलावं की," असं ती दर आठ दिवसांनी म्हणायची. पण खरं सांगायचं तर तीही कुणाला बोलायची नाही. तुम्ही दहा गोष्टी नीट केल्या आणि एक विसरलात, तर ती त्या एकीबद्दलच बोलायची. तिच्या तोंडून शाबासकी ऐकलेला माणूस मी पाहिला नाही. तिला स्वतःला हे कधी जाणवलं असेल असं वाटत नाही.

तिचे वडील औशाच्या बाजारपेठेत भांड्यांचे दुकानदार. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. आम्ही शिबिरासाठी मोठी पातेली मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हिला कॉलेजात नेमकं काय काम असतं?" मी म्हणालो, "काका, ताई आमच्या प्रमुख हायत." ते पातेल्यातली धूळ पुसत म्हणाले, "प्रमुख घरी येऊन असं रोज रडतेत व्हय?" तरी त्यांनी पातेली दिली, पराती दिल्या, पाण्याचे हंडे दिले. एक पैसा भाडं घेतलं नाही. प्रत्येक भांड्यावर ठळक लाल अक्षरांत त्यांचं नाव.

ते शिबिर तिच्या शेवटच्या वर्षाचं. मी तेव्हा उपप्रमुख होतो, म्हणजे तिच्या मागून पळणारा. गाव औसा तालुक्यातलं, आणि काम म्हणजे गावाबाहेरची बारव उपसायची. पायऱ्यांची जुनी चौकोनी विहीर ती, कित्येक वर्षांच्या गाळानं आणि कचऱ्यानं भरलेली. गावातले लोक पहिल्या दिवशी काठावर येऊन बघून गेले. एक म्हातारा म्हणाला, "ह्यात पानी न्हाई पोरांनो, साप हायत." आणि घरी गेला.

ती पहाटे साडेपाचला शिट्टी मारायची. शाळेच्या खोल्यांतून पोरं शिव्या देत उठायची. मग प्रार्थना, मग चहा, मग बारव. पायऱ्यांवर साखळी करून घमेली वर यायची. शाळेच्या भिंतीवर तिनं पुठ्ठ्याचे सात मोठे तक्ते लावले होते. कुणी काय करायचं, त्यानं नाही केलं तर कुणी करायचं, आणि त्यानंही नाही केलं तर कुणाला सांगायचं, इथपर्यंत सगळं त्यात लिहिलेलं. शुद्धलेखन बिनचूक.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या फोनची बॅटरी संपली, म्हणून भाजीवाल्याला लावायला तिनं माझा फोन घेतला. ती बोलत असतानाच एक मेसेज वर आला. पोरांनी एक वेगळा ग्रुप केला होता, तिला सोडून. नाव 'शिट्टीमुक्त शिबिर'. त्यात बिलोलीनं आदल्या रात्रीच तिचा आवाज काढून पाठवला होता, "नऊ म्हणजे नऊ व्हय?" आणि तोंडानं शिट्टी. त्याखाली माझी हसणारी तोंडं. सात.

तिनं ते ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भाजी धा वाजता येती." मग गळ्यातली शिट्टी काढून खिडकीच्या गजाला अडकवली, पिशवी खांद्याला लावली आणि फाट्याकडं चालायला लागली.

मी सरांकडं पळालो. सर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चहा पीत होते. "सर, ताईनं राजीनामा दिला."

"लेखी?"

"न्हाई सर."

"मग तो ग्राह्य धरता येत नाही," सर म्हणाले. पण त्यांनी चहा अर्धाच ठेवला, हे मी पाहिलं. "बस कितीला आहे?"

"एकला."

"मग अजून वेळ आहे. तिला बसू दे. तू काम बघ."

फाटा बारवेपासून दोन-तीनशे पावलांवर. बाभळीखाली दगडावर बसलेली ती मला दिसत होती, आणि तिला आम्ही. मला वाटलं होतं, आता सगळं विस्कटणार. तसं काहीच झालं नाही. पोरांनी तक्ते बघितले, साखळी धरली, काम सुरू. शिट्टी नसल्यामुळं पोरं गाणी म्हणत होती आणि गाण्याच्या ठेक्यावर घमेली भराभर वर येत होती. त्यातच सरपंच आले. खाली वाकून बघितलं, खूश झाले. "तुमच्यात हेड कोन?"

पोरांनी मला पुढं ढकललं. मी फाट्याकडं बघितलं. खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. पण सरपंचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "नाव काय बाळा तुझं?" आणि मी नाव सांगितलं. त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं, तर मी आडनावासकट सांगितलं.

साडेबाराला मी भाकरी-पिठलं घेऊन फाट्यावर गेलो. तिनं डबा घेतला, पण बोलली बारवेकडं बघत.

"बंद पडलं का काम?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "न्हाई ताई. सहा पायऱ्या मोकळ्या झाल्या."

"सहा? काल दिवसभरात चार झाल्त्या."

"हाव."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "म्हंजे मी असताना चार, आन मी नसताना सहा."

"तुमचे तक्ते हायत ना भिंतीवर. पोरं बघून करून राहिलेत."

"करालेत." तिनं सवयीनं दुरुस्त केलं. "म्हंजे मी चांगलं लिवलंय म्हनून माझी गरज न्हाई."

"तसंच म्हनावं लागंल."

"मग काय वाईट लिवाय पायजे व्हतं?"

मी म्हणालो, "ताई, ते ग्रुपचं..."

"जाऊ दे. आवाज बरोबर काढलाय त्यानं. फकस्त माझी शिट्टी शेवटाला वर जाती, त्यानं खाली नेली." मग तिनं डोळे पुसले ते भाकरीच्याच हातानं, आणि पिठल्यातली मिरची डोळ्यात गेली. पाणी ओतून ओतून तिचे डोळे धुता धुता बस आली.

"औसा, औसा!" कंडक्टर ओरडला. तिनं एक पाय पायरीवर ठेवला, पिशवी आत टाकली, आणि लाल डोळ्यांनी शेवटचं म्हणून बारवेकडं बघितलं. तशीच थांबली.

"ती माती कुठं टाकालेत?"

मी बघितलं. तक्त्यात दाखवलेली जागा भरली होती, म्हणून पोरांनी गाळ बारवेच्या काठालाच टाकायला सुरुवात केली होती. ओल्या गाळाचा पुरुषभर उंच ढीग अगदी कडेवर उभा होता. त्याच्या बरोबर खाली, पायऱ्यांवर सात-आठ पोरी घमेली भरत होत्या.

ती पळाली. बस तिची पिशवी घेऊन निघत होती, मी ओरडून थांबवली, पिशवी ओढून काढली, त्यात एक नारळ रस्त्यावर गडगडत गेला. तोवर ती काठावर पोचली होती. शिट्टी नव्हती, पण तिला त्या दिवशी शिट्टीची गरज नव्हती. "वर या! समद्या वर या! घमेलं टाक, आदी वर ये!" पोरी कुरकुरत वर आल्या. एकीनं विचारलंही, "आता काय झालं हिला?"

आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा तो ढीग खचला. धप्प असा आवाज झाला. जाऊन बघितलं तर दोन दगडांसकट सगळा गाळ त्याच पायऱ्यांवर जाऊन बसला होता. बिलोली म्हणाला, "बघा, आता पुन्हा उपसावं लागंल." बाकीचेही त्यावरच वैतागले. कुणाला काही झालं नव्हतं, त्यामुळं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तिनं मला बाजूला घेतलं. "मी सकाळपासून कुठं गेल्ते, इचारलं का कुणी?"

"इचारलं की."

"मग?"

"पोरं म्हनली, भाजी बघाय गेल्या असतील."

ती एकदम हसायला लागली. एवढी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. हसणं थांबलं तसं तिनं पुठ्ठा मागवला आणि आठवा तक्ता लिहिला. 'गाळ काठापासून वीस पावलं लांब टाकावा.' दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला शिट्टी वाजली. पोरांनी शिव्या दिल्या. फक्त आदल्या दिवशी त्या पायऱ्यांवर असलेल्या एका पोरीनं, निलंग्याच्या, तिच्या हातात न बोलता चहाचा कप आणून दिला. तिनं तो घेतला आणि म्हणाली, "साखर कमी हाय."

सहाव्या दिवशी दुपारी पाणी लागलं. आधी गाळ चिकट झाला, मग एका कोपऱ्यातल्या दगडाच्या सांदीतून बोटभर धार आली, आणि बघता बघता पायांना गार लागायला लागलं. पोरं नाचायला लागली. गावातले लोक आले, बाया आल्या, पहिल्या दिवशीचा म्हाताराही आला आणि म्हणाला, "मी म्हनलंच व्हतं, हितं पानी हाय." ती गुडघाभर चिखलात उभी राहून पोरं मोजत होती. सगळी वर आली याची खात्री करून मग ती वर आली. मी तिच्याकडं बघितलं तर ती रडत होती. विचारलं तर म्हणाली, "मिरची."

समारोपाला पाहुणे दोन तास उशिरा आले. ती हारांवर पाणी शिंपडत बसली होती. भाषणं झाली. पाहुण्यांनी सरांचे आभार मानले, सरपंचांचे मानले, गावाचे, तरुण पिढीचे, लाऊडस्पीकरवाल्याचे मानले. मग कुणी तरी त्यांच्या कानात सांगितलं आणि ते म्हणाले, "आणि ज्यांनी निःस्वार्थ भावनेनं भांडी दिली, ते औशाचे दानशूर व्यापारी आज इथं आहेत." तिचे वडील भांडी न्यायला टेम्पो घेऊन आले होते. ते बावरून उभे राहिले. शाल, नारळ, टाळ्या. नारळाचं ताट धरून बाजूला तीच उभी होती. आपल्याच वडिलांच्या हातात नारळ देऊन ती मागं सरकली आणि फोटो काढला. पाय न कापता.

मग बारवेपाशी पाटीचं अनावरण. पडदा अडकू नये म्हणून दोरी तिनंच दोनदा ओढून बघितली होती, पण पाटीवर कागद चिकटवलेला असल्यानं मजकूर तिनं पाहिला नव्हता. पाहुण्यांनी दोरी ओढली, सरपंचांनी कागद काढला. निळ्या रंगात पांढरी अक्षरं. कॉलेजचं नाव, सरांचं नाव, आणि खाली, 'पथकप्रमुख', त्यापुढं माझं नाव. आडनावासकट.

मी जमिनीकडं बघत होतो. पहिली टाळी वाजली ती तिची. मग सगळ्यांनी वाजवल्या. माणसं पांगली तशी ती पाटीजवळ गेली, रंगाऱ्याला बोलावलं आणि म्हणाली, "दादा, ह्याच्या आडनावातला रु ऱ्हस्व हाय. तुमी दीर्घ काढलाय." रंगाऱ्यानं तिच्यादेखत दुरुस्त केला. सर तिच्या मागं उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि उगीचच बराच वेळ पुसत बसले.

परत जाताना ती वडिलांच्या टेम्पोत पुढं बसली. टेम्पो सुरू होता होता मी काकांचं बोलणं ऐकलं. मांडीवरच्या शालीवरून हात फिरवत ते म्हणत होते, "लई मान देतेत गं तुमच्या कॉलेजात! उगंच रडतीस तू."

त्यानंतर तिनं राजीनामा दिला नाही. परीक्षेपर्यंत रोज आली, रोज नारळ आणले, माझ्याशी पूर्वीसारखीच बोलली. पाटीचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. सर एकदा मला म्हणाले, "अलीकडं तिचं काही तपासायला येत नाही." त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षी सरांनी मला विचारलं नाही, वर्गात हातही कुणी वर केला नाही. पाटीवर माझं नाव होतंच, तेव्हा मीच प्रमुख. ती तोवर बिलोली गावातल्या एका खासगी शाळेत शिकवायला लागली होती. रुजू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिच्याकडं स्नेहसंमेलन दिलं, असं कळलं होतं.

माझा पहिला मोठा कार्यक्रम रक्तदानाचा. तीन दिवस पळालो. खाटा, चादरी, बिस्किटं, डॉक्टरांचा चहा, मंडपवाला. ग्रुपवर पानभर मजकूर टाकला. अंगठे आले. कार्यक्रम उत्तम झाला, पाहुण्यांनी मंडपवाल्याचं कौतुक केलं, फोटो मी काढला. सगळं आवरून व्हरांड्यात आलो, पायांत गोळे आले होते. पथकाची पोरं पायऱ्यांवर बसून उरलेली बिस्किटं खात होती. एकानं वर न बघता विचारलं, "दादा, बिस्किटं एवढीच व्हती व्हय?"

मी कोपऱ्यात जाऊन तिला फोन लावला.

"ताई, लोहा बोलतोय."

"बोल. काय इसरलास?"

"काय न्हाई. कार्यक्रम झाला. पन ताई, एक जन बी बोलत न्हाई हो. एक जन बी."

ती म्हणाली, "किती दिवस झाले तुला?"

"तीन."

"मी दोन वर्षं केलं."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. "ताई, त्या पाटीवर माझं नाव आलं ते माझ्यामुळंच. सरपंचांनी इचारलं, मी सांगून टाकलं. आन त्या दिवशी तो ढीग... तुमी नसता तर पोरी त्याच्याखाली व्हत्या. मी बघितलं व्हतं. मी कुणाला सांगितलं न्हाई."

"पाटी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पाटीला काय, रंग उडतोय. तू म्हन की आता तरी."

"काय म्हनू?"

"ते मी सांगू व्हय?"

मला कळलं. पण आमच्याकडं असलं बोलायची सवय कुठं असते! मी घसा साफ केला. "ताई, तुमी लई केलं आमच्यासाठी. त्याबद्दल आभार."

"काय? हितं रेंज न्हाई. ऐकू येईना."

"आभार, म्हनलं."

"कुणाचे? कशाबद्दल? नीट बोल."

मी भिंतीकडं तोंड करून ओरडलो, "ताई, तुमी दोन वर्षं आमच्यासाठी जे केलं त्याबद्दल मी तुमचा लई आभारी हाय! बारव तुमच्यामुळं झाली! पोरी तुमच्यामुळं वाचल्या!"

एवढी वाट पाहिलेली बाई आता काय बोलते, म्हणून मी कान लावून उभा. तिचा आवाज आला तो भलताच अवघडलेला, बारीक.

"असू दे, असू दे. त्यात काय एवढं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

मी वळलो. पायऱ्यांवरची सगळी पोरं बिस्किटं हातात धरून माझ्याकडं बघत होती. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तीच.

"लोहा, आत्ता तू बोललास तवा तुझ्याजवळ कोन व्हतं का?"

"हाव ताई. आख्खं पथक हाय हितं."

"ऐकलं का समद्यांनी?"

"समद्यांनी."

"बरं झालं," ती म्हणाली.